ग्रीक-लॅटिन न शिकता ‘रिसेप्शन’ करता येईल का?

प्रश्न : मी कोल्हापूरची. संस्कृत घेऊन एमएच्या शेवटच्या वर्षाला आहे, नाटकाचं वेड आहे. ग्रीक-रोमन साहित्य नंतरच्या काळात, विशेषतः मराठी रंगभूमीवर कसं उतरलं, यावर परदेशात जाऊन शिकायचं मनात आहे. ‘क्लासिकल रिसेप्शन’चे, म्हणजे नेमके याच अभ्यासाचे, अभ्यासक्रम असतात आणि त्यांना ग्रीक-लॅटिन लागत नाही, असं एका सीनियरने सांगितलं. ते खरं का? दरम्यान ब्रिटनमधल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका ऑनलाइन चर्चासत्रात ‘ती फुलराणी’वरचा माझा निबंध स्वीकारला गेलाय. वीस मिनिटं बोलायचंय, चार महिने हातात आहेत. सारांश पाठवताना धीर होता, आता पोटात गोळा आलाय. शिवाय घरचे विचारतात, हे शिकून पुढे काय?

उत्तर : तुमच्या सीनियरचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळेच मुलं अडकतात.

ब्रिटनमधलं एमए एका वर्षाचं, १८० क्रेडिटचं असतं. त्यातले साधारण ६० क्रेडिट उन्हाळ्यात लिहायच्या प्रबंधाचे. अभ्यासक्रमाचं नाव नुसतं ‘क्लासिक्स’ असेल, तर लॅटिन किंवा ग्रीक, बहुधा मध्यम पातळीपर्यंत, आधीच आलेली असावी अशी अट असते. ‘क्लासिकल स्टडीज’, ‘एन्शंट हिस्टरी’ किंवा ‘रिसेप्शन’ असं नाव असेल, तर भाषेशिवाय प्रवेश मिळू शकतो. मग वर्षभरात एक भाषा पहिल्या धड्यापासून घ्यायला लावतात किंवा निदान सुचवतात. इथवर सीनियर बरोबर. पण पीएचडीसाठी निदान एक भाषा पक्की लागते. अमेरिकेत तर दोन्ही लागतात, वर जर्मन आणि फ्रेंच किंवा इटालियन वाचता येण्याची परीक्षा. म्हणजे भाषा टाळून घेतलेलं एमए तुम्हाला त्या एमएपुरतंच नेतं.

आमचं मत विचाराल तर रिसेप्शन ही भाषा चुकवायची पळवाट नाहीच. ‘मूळ कलाकृतीचं पुढे काय झालं’ हे सांगणाऱ्याला मुळात काय होतं ते स्वतः पाहता आलं पाहिजे. नाहीतर तुम्ही मराठी नाटकाची तुलना एका इंग्रजी भाषांतराशी करत बसता आणि त्याला रोमन साहित्य म्हणता.

दोन्ही भाषा एकदम मात्र सुरू करू नका. कुठली आधी, हे विषय ठरवतो. ‘राजा ओयदिपौस’वर, म्हणजे सोफोक्लीसच्या शोकांतिकेच्या मराठी रूपावर, काम करायचं असेल तर ग्रीक. तुमचा निबंध ‘ती फुलराणी’वर आहे, म्हणजे बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’ आणि त्याच्या मागे रोमन कवी ऑव्हिड, त्याच्या ‘मेटामॉर्फोसेस’ या काव्यातली आपल्याच पुतळ्याच्या प्रेमात पडणाऱ्या शिल्पकाराची गोष्ट. तेव्हा लॅटिन. ‘मेटामॉर्फोसेस’च्या दहाव्या सर्गातल्या २४३ ते २९७ एवढ्याच ओळी तुम्हाला हव्या आहेत. पंचावन्न ओळी. चार महिन्यांत शब्दकोश हाताशी ठेवून एवढ्या ओळी शब्दन्‌शब्द लावता येतात, मग पाठ्यपुस्तक अर्धंच झालेलं असलं तरी चालेल.

संस्कृत येत असल्याचा फायदा मोठा आहे, पण तो नेमका कुठे आहे आणि कुठे नाही ते आधीच समजून घ्या. विभक्तीची कल्पना कोणी समजावून द्यायला नको. लॅटिनमध्ये संस्कृतच्या तृतीया आणि पंचमीचं बहुतेक काम आणि सप्तमीचंही बरंचसं काम अ‍ॅब्लेटिव्ह ही एकच विभक्ती करते. सति सप्तमी (‘सूर्य उगवला असता’ अशी रचना) ज्याला येते त्याला ‘अ‍ॅब्लेटिव्ह अ‍ॅब्सोल्यूट’ एका तासात कळतो. ग्रीकमध्ये तेच काम षष्ठीने होतं. पुढे ग्रीक घ्याल तेव्हा भूतकाळाच्या आधी लागणारा ‘ए’ म्हणजे आपला अडागम आहे हे लगेच दिसेल: ‘एफेरे’ आणि ‘अभरत्’ शेजारी ठेवून पाहा. मध्यम प्रयोग म्हणजे आत्मनेपद. लिखाणात संधी सोडवत बसावं लागत नाही, हा वरचा बोनस.

अडचण दोन ठिकाणी येते. एक, परोक्ष कथन. संस्कृतात कोणाचंही म्हणणं जसंच्या तसं ठेवून पुढे ‘इति’ लावला की भागतं. लॅटिनमध्ये ‘तो म्हणाला की’नंतरच्या वाक्याचा कर्ता द्वितीयेत जातो आणि क्रियापदाचं तुमुन्नन्तासारखं (‘करण्यास’ अशा धर्तीचं) रूप होतं. संस्कृतचे विद्यार्थी ती द्वितीया कर्म समजून वाक्य उलटं लावतात. दोन, स्वरांची लांबी. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांना दिसतं, त्यामुळे लक्षात ठेवायची सवय नसते. लॅटिनच्या पाठ्यपुस्तकांत दीर्घ स्वरावर आडवी रेघ असते, पण संशोधनात वापरायच्या आवृत्त्यांत ती नसते. ‘वेनित’ हे एकच लिखाण ‘येतो’ही असू शकतं आणि ‘आला’ही, फरक फक्त पहिल्या स्वराच्या लांबीचा. म्हणून पहिल्या दिवसापासून शब्द रेघेसकट पाठ करा.

तुमच्याच उताऱ्यातली एक ओळ घेऊ. पिग्मॅलियनने हस्तिदंताची स्त्री कोरली आहे आणि ती पुतळा आहे हेच कळत नाही. २५२व्या ओळीची सुरुवात अशी: ‘आर्स आदेओ लातेत आर्ते सुआ’. ‘आर्स’ प्रथमा, कला. ‘लातेत’ लपते. ‘आदेओ’ इतकी. ‘आर्ते सुआ’ अ‍ॅब्लेटिव्ह, इथे तृतीयेच्या अर्थाने: आपल्याच कलेने. आता ‘सुआ’मधला शेवटचा ‘आ’ दीर्घ की ऱ्हस्व? ऱ्हस्व असता तर रूप प्रथमेचं झालं असतं. छापील पानावर खूण नाही, पण वृत्त सांगतं. या वृत्तातल्या प्रत्येक गणाचं पहिलं अक्षर गुरूच असतं, आणि चौथा गण बरोबर त्या ‘आ’वर सुरू होतो. म्हणजे दीर्घ, म्हणजे अ‍ॅब्लेटिव्ह. लघु-गुरू तुम्हाला येतंच. फक्त हे अक्षरगणवृत्त नाही. दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो, तेव्हा आर्येसारख्या मात्रा मोजा. संस्कृतात जोडाक्षराआधीचं अक्षर हमखास गुरू होतं. लॅटिनमध्ये ‘त्र’, ‘प्र’ अशा जोडण्यांआधी ते लघूही राहू शकतं, तिथे फसू नका.

शिकायचं कुठे? एकट्याने शिकायचं तर व्हीलॉकचं पाठ्यपुस्तक चाळीस धड्यांचं आहे. आठवड्याला एक धडा आणि आठ-दहा तास, असं ते वर्षभराचं काम. तुम्ही रूपांच्या तक्त्यांवर कमी वेळ घालवाल, तो वाचलेला वेळ वर सांगितलेल्या परोक्ष कथनाला द्या. डिकिन्सन कॉलेजने वारंवार येणाऱ्या शब्दांच्या याद्या फुकट ठेवल्या आहेत, लॅटिनच्या सुमारे हजार आणि ग्रीकच्या सुमारे पाचशे. पाठांतर त्यांवरून करा, पाठ्यपुस्तकातल्या शब्दांवरून नको. शब्द अडला तर शिकागोचा ‘लोगिऑन’ कोश, आणि मूळ संहितेसाठी टफ्ट्स विद्यापीठाचं ‘पर्सियस’. एक सूचना: पर्सियसवर शब्दावर टिचकी मारली की व्याकरण आयतं मिळतं. ओळ आधी स्वतः लावून झाल्याशिवाय टिचकी मारायची नाही, नाहीतर चार महिन्यांनी टिचकी मारता येईल आणि लॅटिन येणार नाही.

पुण्यात ज्ञान-दीपसारख्या ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या संस्थांत बायबलसाठी ग्रीक शिकवतात. बाहेरच्यांना बसू देतात का, हे जाऊन विचारायला हरकत नाही. मात्र ती नव्या कराराची कॉइनी ग्रीक. सोफोक्लीसच्या काळातली अथेन्सची अ‍ॅटिक त्याहून बरीच अवघड आहे, तेव्हा अर्जात नुसतं ‘ग्रीक येते’ असं लिहू नका, कुठली ते लिहा. झटपट शिकायचं तर परदेशात उन्हाळी वर्ग असतात. आयर्लंडमध्ये कॉर्कच्या विद्यापीठाचा आठ आठवड्यांचा आणि न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचा दहा आठवड्यांचा, असे दोन्ही नावाजलेले आहेत. त्या काळात दुसरं काहीही होत नाही, हे मात्र गृहीत धरा.

आता निबंध. ‘ती फुलराणी’ हा विषय सोपा वाटतो आणि म्हणूनच घात करतो. बरेच विद्यार्थी ‘साम्यं आणि भेद’ असे दोन रकाने करतात: पिग्मॅलियन म्हणजे प्राध्यापक, पुतळा म्हणजे मंजुळा, व्हीनस म्हणजे अमुक. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. चर्चासत्रात पहिला प्रश्न येणार तो मधल्या दुव्यांचा. ऑव्हिडपासून १९७५च्या मराठी रंगमंचापर्यंत ही गोष्ट कोणाकोणाच्या हातांतून गेली?

ते दुवे मोजून ठेवा. ऑव्हिडच्या पुतळ्याला नावच नाही. ‘गॅलाटिया’ हे नाव अठराव्या शतकात चिकटलं. रूसोची ‘पिग्मॅलियन’ ही नाटिका १७७० साली रंगमंचावर आली, तिच्यात ते आहे. ‘ऑव्हिडची गॅलाटिया’ असं तुम्ही एकदा म्हणालात की तुम्ही ऑव्हिड वाचलेला नाही हे ऐकणाऱ्यांना तिथेच कळतं. पुढे गिल्बर्टचं ‘पिग्मॅलियन अँड गॅलाटिया’ १८७१चं, लंडनमध्ये गाजलेलं. म्हणजे शॉच्या प्रेक्षकांना ही कथा माहीत असायला ऑव्हिड वाचलेला असण्याची गरजच नव्हती. शॉचं नाटक आधी १९१३ मध्ये व्हिएन्नात जर्मनमधून झालं, लंडनला १९१४ मध्ये. मग १९३८चा चित्रपट आणि त्यानंतर १९५६चं ‘माय फेअर लेडी’ हे संगीत नाटक.

हे सगळं सांगत बसलात तर वीस मिनिटं संपतील. एकच मुद्दा उचला. आम्ही उचलला असता तो हा: ऑव्हिडकडे कला स्वतःला लपवते, ती २५२वी ओळ. शॉकडे उलटं होतं. वकिलातीतल्या समारंभात नायिकेचं, म्हणजे प्राध्यापकाने शिकवून तयार केलेल्या फुलवाल्या एलायझाचं, इंग्रजी इतकं निर्दोष असतं की एक भाषातज्ज्ञ तिला परदेशी राजकन्या ठरवतो, कारण अस्सल इंग्रज बाई इतकं नेटकं बोलतच नाही. कला लपायच्या ऐवजी फार सफाईमुळे उघडी पडते, तीही चुकीच्या दिशेने. पण थांबा: हा प्रसंग १९१४च्या प्रयोगात नव्हता, तो चित्रपटासाठी लिहिला गेला आणि नंतर छापील आवृत्तीत आला. मग पु. लं.समोर कुठली आवृत्ती होती? मराठी संहितेत या प्रसंगाचं काय झालंय? तसंच ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ हे स्वगत. त्याचं बीज शॉच्या नाटकात आहे की ‘माय फेअर लेडी’तल्या ‘जस्ट यू वेट’ या गाण्यात? तिन्ही संहिता टेबलावर उघड्या ठेवून याचं उत्तर शोधा. हे काम त्या चर्चासत्रात तुमच्याशिवाय कोणीच करू शकणार नाही, कारण मराठी संहिता त्यांना वाचता येत नाही. तुमचं खरं भांडवल तेच आहे. सिद्धान्ताची मोठी नावं नव्हेत.

शीर्षकाचाही विचार करा. शॉच्या नाटकात रोमन काव्यातला पिग्मॅलियन उरतो तो नावापुरताच. मराठीत तेही गेलं आणि त्या जागी बालकवींची कविता आली. मग याला ग्रीक-रोमन रिसेप्शन म्हणायचं का? हा प्रश्न कोणीतरी नक्की विचारेल. ‘हो, कारण कथा तीच आहे’ हे उत्तर पुरणार नाही. आमच्या मते प्रामाणिक उत्तर असं: मराठी प्रेक्षकाला ऑव्हिड दिसत नव्हता, आणि नाटककाराने तो दिसावा असा प्रयत्नही केला नाही, हे पुसून टाकणं हाच तुमचा पुरावा आहे. तुमचं मत वेगळं असेल तर उत्तम, फक्त ते आधी ठरलेलं असू द्या.

सिद्धान्तासाठी मार्टिनडेलचं १९९३चं आणि हार्डविक यांचं २००३चं छोटेखानी पुस्तक, एवढं या टप्प्यावर पुरे. भारतापुरतं फिरोझ वसुनिया यांचं २०१३चं पुस्तक टाळू नका. १८५५ साली सुरू झालेल्या इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत ग्रीकला ७५० गुण होते, लॅटिनला ७५० आणि संस्कृतला ३७५. आपल्याकडे ग्रीक-रोमन साहित्य कुठल्या दाराने आलं, हे त्या तीन आकड्यांत कळतं. संस्कृतच्या विद्यार्थिनीने तरी ते विसरू नये.

वीस मिनिटं म्हणजे इंग्रजीत २,३०० ते २,५०० शब्द, उतारे धरून. तीन हजार शब्द लिहून भरभर वाचू असा हिशेब करू नका. परक्या उच्चारांची सवय नसलेल्या श्रोत्यांना तुम्ही हरवून बसाल आणि अध्यक्ष मध्येच थांबवतील. सोबत ए-फोर आकाराचं, दोन पानांचं टिपण पीडीएफ करून आदल्या दिवशी पाठवा. त्यात पाच-सहा उतारे, क्रमांक घालून. ऑव्हिडचं मूळ टॅरंटच्या २००४च्या ऑक्सफर्ड आवृत्तीतून घ्या. ती मिळाली नाही तर लोब मालिकेतली १९१६ची जुनी आवृत्ती प्रताधिकारमुक्त आहे, पण जी वापराल तिचं नाव लिहा. संदर्भ पानाचा नको, सर्ग आणि ओळीचा द्या: १०.२५२ असा. (अ‍ॅरिस्टॉटल आला तर बेकरच्या आवृत्तीतले क्रमांक, प्लेटो आला तर स्टेफानसच्या आवृत्तीतले. कॅथार्सिसची व्याख्या १४४९ब म्हटली की जगातल्या कुठल्याही आवृत्तीत सापडते.) मराठी उतारे तिथे रोमन लिपीत आणि खाली इंग्रजी अर्थ, दोन्ही हवेत. अर्थ तुमचा स्वतःचा असेल तर तसं नमूद करा. प्रयोगाची ध्वनिचित्रफीत दाखवणार असाल तर चाळीस सेकंदांच्या वर नको, आणि झूमवर पडदा शेअर करताना आवाजाची चौकट वेगळी निवडावी लागते. ती विसरली की सगळे मूकपट बघत बसतात.

सरावासाठी लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ क्लासिकल स्टडीजची चर्चासत्रं ऐका. बरीच ऑनलाइन आणि खुली असतात. वक्ता काय म्हणतो त्यापेक्षा नंतरचे प्रश्न टिपून ठेवा. ‘कुठली आवृत्ती?’, ‘मधला दुवा कोण?’, ‘प्रेक्षकांना हे ठाऊक होतं याला पुरावा काय?’ हे तीन प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतात. पुढे ‘राजा ओयदिपौस’कडे वळलात तर ऑक्सफर्डचं, १९९६ साली सुरू झालेलं ग्रीक-रोमन नाटकांच्या प्रयोगांचं संग्रहालय जरूर चाळा, त्याची सूची घरबसल्या पाहता येते.

प्रवेशाचं थोडक्यात. पुढच्या शरद ऋतूतल्या प्रवेशासाठी अर्ज आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासून सुरू होतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात. लेखनाचा नमुना मागतात, तिथे हाच निबंध तासून द्या. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना तुमचा सारांश, उताऱ्यांचं टिपण आणि अभ्यासक्रमाचा दुवा पाठवा. नाहीतर ‘कष्टाळू आणि नम्र विद्यार्थिनी’ एवढंच पत्र जातं, आणि त्याने तिकडे काहीच होत नाही.

शिष्यवृत्त्यांत ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, त्यामुळे एमए संपताच ती तुमच्यासाठी नाही. फेलिक्स भारतीय पदवीधरांना ऑक्सफर्ड, रेडिंग आणि लंडनच्या सोआससाठी मिळते. त्यांपैकी पहिल्या दोन ठिकाणी क्लासिक्सचे विभाग आहेत, तेव्हा तिथे लक्ष ठेवा. या वर्षीच्या अटी मात्र त्यांच्याच संकेतस्थळावर वाचा. राज्य किंवा केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीला पात्र असाल तर विषयाची अट बारकाईने पाहा: केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याच्या योजनेतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. तुमच्या प्रस्तावाच्या शीर्षकात ‘मराठी रंगभूमी’ आधी येतं की ‘लॅटिन साहित्य’, यानेही तिथे फरक पडू शकतो.

घरच्यांना खरं तेच सांगा. भारतात ग्रीक-लॅटिनच्या प्राध्यापकांच्या जागा नाहीत म्हटलं तरी चालेल, आणि नेटच्या विषयांत ते नावही नाही. संस्कृत आहे, तुलनात्मक साहित्य आहे. म्हणून जाण्याआधी संस्कृतची नेट किंवा सेट देऊन ठेवा. अमेरिकेत पीएचडीला पाच-सहा वर्षं विद्यावेतन मिळतं, ब्रिटनच्या एमएला बहुतेकदा स्वतःचे पैसे घालावे लागतात. कर्ज काढून एमए करण्यापेक्षा इथेच दोन वर्षं नोकरी सांभाळत लॅटिन पक्कं करणं आणि मग अर्ज टाकणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं. त्या दोन वर्षांत चेव्हनिंगची अटही पुरी होते.

आणि चर्चासत्राची वेळ नीट पाहून घ्या. पत्रिकेवर लंडनचे संध्याकाळचे पाच लिहिलेले असतील, तर हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ. तिकडची घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. तुमचं सत्र त्या आठवड्याच्या आसपास असेल तर आयोजकांना भारतीय वेळ लिहून पाठवा आणि ‘बरोबर’ असं उत्तर मागवून घ्या.